‘रोधक’ला इंग्रजीत काय म्हणायचं? लेबलाचा मजकूर पाठवण्याआधी एवढं वाचा

हा प्रश्न आम्हा छापखानेवाल्यांना आठवड्यातून दोन-तीनदा येतो, आणि बहुतेक वेळा रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर. एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद छापून काउंटरवर ठेवला आहे.

मराठीत आपली सोय आहे. डास असोत, पाणी, गंज की आग, मागे ‘रोधक’ नाहीतर ‘प्रतिबंधक’ जोडलं की भागतं. इंग्रजीत मात्र तुमचा माल नेमकं काय करतो, यावर शब्द बदलतो.

माल समोरच्याला परतवून लावत असेल तर ‘रिपेलंट’. त्या शब्दाचा लॅटिन मूळ अर्थच मागे ढकलणे. अळवावरचं पाणी डोळ्यांसमोर आणा: थेंब येतो, पण पानाला न भिजवता घरंगळून जातो. तसा लेप दिलेलं कापड ‘वॉटर रिपेलंट’. भुरभुर पावसात ठीक, दिवसभराच्या धारेत पाणी आत झिरपणारच. सिट्रोनेला गवताचं तेल डास मारत नाही, जवळ फिरकू देत नाही, म्हणून ‘मॉस्किटो रिपेलंट’. एका गृहस्थांनी डिक्शनरी पाहून ‘मॉस्किटो रिपल्सिव्ह’ लिहून आणलं होतं. रिपल्सिव्ह म्हणजे किळसवाणं. बाटली तशीच बाजारात गेली असती तर डासांचं माहीत नाही, गिऱ्हाईक नक्की पळालं असतं.

‘रेझिस्टंट’ म्हणजे टिकाव धरणारं. इथे हल्ला होतोच, पण वस्तू सहजासहजी दाद देत नाही. हातघड्याळांसाठीच्या आयएसओ 22810 या 2010 सालच्या मानकातही शब्द ‘वॉटर रेझिस्टंट’ असाच आहे. बियाणेवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. नट-बोल्टच्या खोक्यावर ‘रस्ट रेझिस्टंट’ म्हणजे सहजासहजी गंज न धरणारं. गव्हाच्या पिशवीवर तेच दोन शब्द म्हणजे तांबेऱ्याला प्रतिकारक वाण. आणि वाण नुसतं पाण्याचा ताण सोसणारं असेल तर ‘टॉलरंट’ म्हणा. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागांवर, लावायचं तेल मात्र ‘रस्ट प्रिव्हेंटिव्ह’, कारण ते गंज धरूच देत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही.

राहिला सगळ्यांचा लाडका ‘प्रूफ’. याचं मूळ पारख करण्यात आहे: कसोटीला लावलं आणि टिकलं. (आम्ही छपाईआधी पाठवतो त्या प्रुफाचंही मूळ तेच.) म्हणून ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंत की पाणी आत जाणारच नाही, असा शब्द दिल्यासारखं होतं. इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्यांनी त्याऐवजी चाचणीत मिळालेला आयपी क्रमांक, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा आकडा, छापावा. आयपी65 मधला 6 धुळीसाठी, 5 पाण्याच्या झोतासाठी. खरेदी अधिकारी तोच बघतो. ‘प्रूफ’ लिहायला आम्ही नको म्हणतो तेव्हा काहींना वाटतं, हे उगाच अडवतात. पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी झालेल्या मालावर मंजूर लेबलातलेच शब्द येतील. तिथे तुमची आमची आवड चालत नाही.

आता ज्यात तुमचे आणि आमचे दिवस जातात ती चूक. ‘इंग्रजी तुम्हीच टाका, काहीही चालेल’ असं सांगून मजकूर येतो. आम्ही विचारतो, माल करतो काय? उत्तर येत नाही. प्रूफ जातं, न उघडताच ‘ओके’ येतं. पाऊचचे सिलिंडर कोरून होतात, आणि मग पुण्याचा डिस्ट्रिब्यूटर म्हणतो, ‘रेझिस्टंट काय लिहिलंय, रिपेलंट हवं.’ पाऊच ज्या ग्रॅव्हर पद्धतीने छापतात, तिच्यात कोरलेल्या सिलिंडरवरून छपाई होते आणि प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. एक शब्द बदलायचा तर तो ज्या रंगात आहे, तो सिलिंडर पुन्हा कोरावा लागतो. त्याचा खर्च आम्ही बिलात लावतो तेव्हा वाईटपणा आमच्याकडे येतो. ऑफसेटच्या कागदी लेबलाला निदान नवी प्लेट करून निभावतं.

काही बारीक गोष्टी. ‘पाण्यापासून’ म्हणून ‘रेझिस्टंट फ्रॉम वॉटर’ लिहू नका, तिथे ‘टू’ लागतो. स्पेलिंगमध्ये रेझिस्टंटच्या शेवटी ए-एन-टी, रिपेलंटच्या शेवटी ई-एन-टी. फरसाणाच्या पाकिटावर ‘इररेझिस्टिबल’, म्हणजे मोह आवरणार नाही असं, लिहायची हौस असेल तर शेवट आय-बी-एल-ई. ‘वॉर्ड ऑफ’, ‘कीप ॲट बे’ हे ‘दूर ठेवणे’ या अर्थाचे वाक्प्रचार वर्तमानपत्राच्या जाहिरातीत शोभतात. बाटलीवर ‘कीप्स मॉस्किटोज अवे’ पुरे, दुकानदारालाही कळतं. आणि ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनो, दोरावरून कडा उतरणं म्हणजे ‘रॅपलिंग’. तुमच्या बॅनरवर दर पावसाळ्यात ‘रिपेलिंग’ असतं, म्हणजे लोकांना हाकलून लावणं.

मजकुरासोबत एवढं मराठीतच लिहून द्या: माल कशावर चालतो, त्याला परतवतो, सोसतो की पूर्ण अडवतो, चाचणीचा कागद असेल तर त्याचा फोटो. शब्द आम्ही निवडू. डिझाइनच्या दरात इंग्रजी-मराठी तपासणी आणि दोन वेळची दुरुस्ती धरलेली आहे, तिसऱ्यापासून आकार पडतो. डिझाइन दुसरीकडे केलं असेल तर नुसता मजकूरही तपासून देतो; एका लेबलाला साधारण एक दिवस लागतो. प्रूफ मात्र ज्याला माल विकायचा आहे त्यालाही दाखवा, आणि ‘ओके’ त्यानंतरच पाठवा.