वाऱ्याचं माहेर

फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस असे येतात की ऐरोलीच्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल सकाळी दहाच्या आत पापडासारखा कडक होतो. अशा दिवशी मी आधी हवामानाच्या नोंदीत वाऱ्याची दिशा बघते. 'पूर्वेकडून' असं दिसलं, की दुपारी उन्हाचा तडाखा बसणार.

वाऱ्याची दिशा सांगताना त्याचं माहेर सांगतात, सासर नव्हे. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडून येणारा. नैऋत्य मोसमी वारेही नैऋत्येकडून येतात म्हणून नैऋत्य. अंशांत सांगायचं तर पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि उत्तर ३६०. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवरचे ०८ आणि २६ हे आकडेही अशाच अंशांचे आहेत, शेवटचं शून्य गाळलेले. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला, की ते पनवेलच्या बाजूने येतं. मोबाइलवरच्या बाणावर मात्र विसंबू नका. तो कुठे वाऱ्याचं माहेर दाखवतो, तर कुठे सासर. शेजारी लिहिलेली दिशा वाचावी.

आपल्याकडे या दिशेवर सगळा दिवस अवलंबून असतो. पूर्वेचा वारा घाटमाथ्यावरून येतो, मुळातच कोरडा. सह्याद्री उतरताना हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण १ अंशाने तापते. त्याच वेळी पश्चिमेला दुसरी तयारी चाललेली असते. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, दमट हवा आत शिरते. हे खारे वारे. रोज दुपारी या दोघांची रेटारेटी होते. पूर्वेचा जोर असेल तर खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपून राहावं लागतं, आणि तोवर पारा चढतच राहतो. आम्हा खाडीपलीकडच्यांना आणखी थांबावं लागतं, कारण तो वारा अख्खी मुंबई आणि मग ठाण्याची खाडी ओलांडून येतो. तो पोचला, की पंधरा-वीस मिनिटांत अंगाला चिकटा जाणवतो, पण उन्हाची धग उतरते.

वेगाचा आकडा नॉटमध्ये असेल तर १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तो मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात आणि काही मिनिटांची सरासरी काढतात. दोन टॉवरच्या मधल्या बोळात वारा त्याहून जोरात घुसतो. शिवाय सरासरी वेगळी आणि झोत वेगळा. नुकसान करतो तो झोत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचं वादळ मुंबई-ठाण्यावर आलं, घाटकोपरला प्रचंड होर्डिंग कोसळलं. तेव्हापासून 'सोसाट्याचा वारा, ताशी ४० ते ५० किलोमीटर' असा इशारा वाचला, की मी कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवते आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही हाक मारते.