कलम २१५ : अमेरिकेतील फोन-नोंदींचे घाऊक संकलन

दहशतवादी हुडकण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, २००१ ते २०१५ या काळात देशातल्या फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा केल्या. विनावॉरंट पाळतीने हल्ले टळतात का, या प्रश्नाची इतकी तपशीलवार तपासणी झालेले दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या आदेशाने, ऑक्टोबर २००१ मध्ये, कोणत्याही न्यायालयाला न विचारता काम सुरू झाले. मे २००६ पासून त्याला पेट्रियट कायद्याच्या, म्हणजे त्या हल्ल्यानंतर केलेल्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, कलम २१५ चा आधार दाखवण्यात आला. हेरगिरीसाठीच्या पाळतीचे अर्ज ऐकणारे गुप्त न्यायालय साधारण दर ९० दिवसांनी परवानगी देई. पण ती एखाद्या संशयितापुरती नसे, फोन कंपनीच्या तमाम ग्राहकांना लागू असे. म्हणून तिला वॉरंट म्हणता येत नाही.

नोंदीत संभाषण नसे. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला एवढेच. आपल्याकडचे पोलीस ज्याला सीडीआर म्हणतात ते. नोंदी ५ वर्षे ठेवल्या जात. शोधासाठी आधी एक संशयित क्रमांक लागे आणि त्याला मंजुरी संस्थेतलेच २२ अधिकारी देऊ शकत. तिथून तीन पायऱ्या जाता येई. संशयिताने दवाखान्यात फोन केला, की दुसऱ्या पायरीवर त्या दवाखान्याचे रुग्ण आणि तिसऱ्यावर रुग्णांचे नातेवाईक जाळ्यात येत. प्रत्येकाचे ७५ संपर्क धरले तर तिसऱ्या पायरीवर ४,२१,८७५ क्रमांक होतात. एवढ्या लोकांची चौकशी कोणतेही पोलीस दल करू शकत नाही.

नियमही पाळले गेले नाहीत. रोज येणाऱ्या नोंदी ज्या यादीशी ताडून पाहत, तिच्यातल्या १७,८३५ क्रमांकांपैकी फक्त १,९३५ संशयाच्या निकषात बसत होते, हे २००९ मध्ये न्यायालयासमोर आले.

जून २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी हा प्रकार उघड केल्यावर सरकारने, पाळतीचा उपयोग झाला असे सांगत, दहशतवादाच्या ५४ प्रकरणांचा दाखला दिला. सिनेटमधल्या उलटतपासणीत त्यांतल्या १३ प्रकरणांचाच अमेरिकेशी संबंध निघाला आणि फोन-नोंदींचे म्हणता येईल असे एखाद-दुसरेच उरले. त्यातले ठळक प्रकरण सॅन डिएगोच्या एका टॅक्सीचालकाचे : सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेला सुमारे ८,५०० डॉलर पाठवल्याचे. तिथे हल्ल्याचा कट नव्हताच. जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच नागरी स्वातंत्र्य देखरेख मंडळाने सांगितले, की या संकलनामुळे अमेरिकेवरील धोक्याच्या एकाही तपासाचा निकाल बदललेला नाही.

परकीय हेरगिरीवरील पाळतीच्या कायद्यातल्या (फिसा) कलम ७०२ खालची पाळत वेगळी. तीही व्यक्तिगत वॉरंटविनाच चालते, पण परदेशातील ठरावीक परकीय व्यक्तींवर. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला २००९ चा स्फोटाचा कट पाकिस्तानातल्या एका ईमेल पत्त्यावर ठेवलेल्या अशाच नजरेतून सापडला. म्हणजे निशाणा ठरलेला असेल तर पाळत उपयोगी पडते. सगळ्यांचे सगळे साठवून ठेवल्याने निशाणा सापडत नाही.

मुंबईची रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीची ऑक्टोबर २००९ मधली अटकही अधिकारी यशात मोजत. पण २६/११ ला मुंबईत १६६ माणसे मारली गेली, त्याच्या आधीच हेडलीच्या जवळच्यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याविषयी सावध केले होते. माहिती हाती होती. तिचा माग कोणी शेवटपर्यंत काढला नाही. ११ सप्टेंबरच्या आधीही तेच झाले. त्या हल्ल्यातल्या विमान-अपहरणकर्त्यांपैकी एक, खालिद अल-मिहधार, याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा असल्याचे सीआयएला ठाऊक होते, पण एफबीआयपर्यंत ते वेळेत पोहोचले नाही.

जून २०१५ च्या कायद्याने नोंदी कंपन्यांकडेच ठेवल्या आणि न्यायालयाच्या मंजुरीने, दोन पायऱ्यांपर्यंतच, मागवायची सोय केली. तरी २०१८ मध्ये ४० कोटींहून अधिक नोंदी आल्या, त्याही अवघ्या ११ संशयितांपोटी. त्याच वर्षी, नको त्या नोंदीही येत असल्याचे आढळल्याने, तीन वर्षांचा सगळा साठा पुसायला घ्यावा लागला. या सुधारित योजनेवर चार वर्षांत १० कोटी डॉलर गेले आणि एफबीआयकडे आधी नसलेली माहिती फक्त दोन अहवालांतून मिळाली. १५ मार्च २०२० रोजी कलम २१५ ची मुदत संपली.