‘लिबेर्ते’तला ‘ते’ आपल्या ‘ता’चा लेक नव्हे
बेळगावच्या खडेबाजारात चहाला थांबलं की कुणीतरी हमखास सांगतं: फ्रेंचांचं ‘लिबेर्ते’, स्पॅनिशांचं ‘लिबेर्ताद’, इटालियनांचं ‘लिबेर्ता’, यांचं शेपूट आपल्या ‘समता’, ‘ममता’मधलंच, संस्कृतातून तिकडे गेलेलं. ऐकायला गोड, पण चूक. तिन्ही शब्द लॅटिन ‘लिबेर्तास’चे वारस, द्वितीयेत त्याचं ‘लिबेर्तातेम’ होतं. हा ‘-तात्’ आणि वेदातल्या ‘सर्वताति’मधला ‘-ताति’ एकाच जुन्या मूळभाषेतून आले. चुलतभाऊ म्हणा; बाप कुणी कुणाचा नाही.

प्रत्ययाची उसनवारीच बघायची तर बेळगाव सोडून फ्रान्सला कशाला जायचं? कन्नड शेजाऱ्याकडून ‘बडतन’ ऐका. ‘बड’ म्हणजे गरीब, ‘बडतन’ गरिबी. ‘कळ्ळ’ चोर, ‘कळ्ळतन’ चोरी. यातल्या ‘तन’चा शरीराशी काही संबंध नाही. प्राकृतातल्या ‘-त्तण’वरून तो कन्नडात आला, असं अभ्यासक मानतात; आणि ‘-त्तण’ आला ऋग्वेदातल्या ‘महित्वन’मधल्या ‘-त्वन’वरून. पाट्यांच्या भाषेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांना हे एकदा सांगून बघा. कारण त्याच ‘-त्वन’चं मराठीत ‘-पण’ झालं: मोठेपण, शहाणपण, आणि आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त चालणारं येडेपण.