क्रीम सेपरेटर

दूध वेगाने गरगर फिरवून त्यातली साय वेगळी काढणारे यंत्र. सतत चालणारा सेपरेटर स्वीडनचे अभियंते गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ मध्ये तयार केला. पुढे हाताने फिरवायची लहान यंत्रे निघाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा अमेरिकी राज्यांत ती घरोघरी पोचली. धारा काढणाऱ्या यंत्राचा गवगवा जास्त झाला, पण घराची घडी आधी बदलली ती सेपरेटरने.

त्याआधी दूध पसरट भांड्यांत ओतून थंड जागी ठेवत. साय वर यायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागे. ती काढून लोणी घुसळणे हे बहुधा घरातल्या बाईचे काम, आणि लोण्याचे पैसेही पुष्कळदा तिच्याच हाती येत. सेपरेटरमध्ये कोमट दूध वरच्या टाकीत ओतून दांडा फिरवायचा. काहींच्या दांड्यात घंटी असे. पुरेसा वेग येईपर्यंत ती वाजत राही. त्यामुळे दांडा पोरांच्या हातीही देता येई. एका तोटीतून साय येई, दुसरीतून उरलेले दूध; ते लगेच वासरांना, डुकरांना. साय कॅनमध्ये भरून क्रीमरीला, म्हणजे लोणी बनवणाऱ्या कारखान्याला, जाई. तिचे पैसे पुष्कळ घरांत कर्त्या पुरुषाकडे येऊ लागले. बाईचे घुसळणे सुटले, पण धुणे वाढले. यंत्रातल्या शंकूसारख्या चकत्यांची चळत दर वेळी सुटी करून गरम पाण्याने धुवावी लागे. हयगय झाली की सायीला वास.

सायीचा भाव फॅटवर ठरे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये फॅट मोजण्याची सल्फ्युरिक आम्लाची सोपी चाचणी काढली, आणि तिचे पेटंट घेतले नाही. दुधात पाणी घालणाऱ्यांची तिने पंचाईत केली. आपल्याकडच्या दूध संस्थांत रुळलेली गर्बर चाचणीही आम्लाचीच. ‘आज फॅट किती लागली?’ हा प्रश्न त्याच घराण्यातला.

धारांचे यंत्र मागे राहिले, कारण त्याला निर्वात पंप आणि तो चालवायला इंजिन किंवा वीज लागे. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत दहांतल्या जेमतेम एका शेतावर वीज होती. सेपरेटरला मनगट पुरे. पुढे वीज आली, दूध थंड ठेवता येऊ लागले, ते सायीसकट विकले जाऊ लागले आणि सेपरेटर कोपऱ्यात गेला.