विंग चुन: कथा कधीची, कागद कधीचा

विंग चुन ही दक्षिण चीनमधली, जवळून लढण्याची युद्धविद्या. ती शिकू लागलेल्याच्या कानावर मूळकथा लवकरच पडते. तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या सैन्याने शाओलिन मठ जाळला, भिक्षुणी न्ग मुई निसटली, तिने यिम विंग-चुन या तरुणीला विद्या दिली आणि तिचेच नाव विद्येला मिळाले.

विंग चुनचे प्रसिद्ध गुरू यिप मॅन (1893–1972) यांच्या टिपणात हा मठ हनान प्रांतातला आणि काळ सम्राट कांगशीचा, म्हणजे 1662 ते 1722 चा आहे. पण याच मठाच्या जीर्णोद्धाराला 1735 साली बादशाही मंजुरी मिळाली आणि 1750 मध्ये सम्राट छ्यानलोंग तिथे स्वतः येऊन गेला. बंडखोर म्हणून जाळलेल्या मठाची सरकार अशी बडदास्त ठेवत नाही. मठाची मोठी होळी झाली ती 1928 साली, एका लष्करी सरदाराच्या हातून.

मग जळालेला मठ कथेत आला कुठून? थिएनतीहुइ या गुप्त संघटनेच्या दीक्षाविधीतून. नव्या सभासदाला तिथे अशीच कथा सांगितली जाई. न्ग मुई ठळकपणे भेटते ती 1893 च्या सुमारास छापलेल्या एका कादंबरीत, आणि तिथे ती शाओलिनवाल्यांच्या विरोधात आहे! तिला नायिका केले पुढच्या लेखकांनी. म्हणून कथेतल्या सालाआधी कागदाचे साल पाहावे.

पायाखाली घट्ट जमीन लागते ती ग्वांगदोंग प्रांतातल्या फोशान गावात. तिथले वैद्य लिआंग जान (जन्म 1826) यांनी चान वा-शुन यांना शिकवले आणि चान यांनी लहानग्या यिप मॅनना. लिआंग यांचे गुरू लाल होड्यांतून फिरणाऱ्या नाटक मंडळीतले होते असे परंपरा सांगते. या मंडळींचा बंडाशी संबंध मात्र खराच आहे. 1854 च्या लाल फेटेवाल्यांच्या बंडाचा एक पुढारी ली वनमाओ हा नटच होता. बंड मोडल्यावर सरकारने कँटनी (ग्वांगदोंगच्या भाषेतल्या) नाटकावर बंदी घातली आणि फोशानमधले नटांचे संघगृह पाडले.

नावातही एक फसगत आहे. फुजिएन प्रांतातला योंगछुन जिल्हा श्वेत बगळा या युद्धशैलीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नावातले पहिले अक्षर ‘चिरंतन’ या अर्थाचे, तर विंग चुनमधले ‘गाणे’ या अर्थाचे. मँडरिनमध्ये दोन्हींचा उच्चार एकच, कँटनीत आवाजाचा चढउतार वेगळा. दोन्ही शैलींत जवळून लढणे आणि आखूड हालचाली दिसतात, त्यामुळे नाते संभवते. पण निव्वळ नावावरून ते सिद्ध होत नाही.

विंग चुन एकाच मुळातून आलेली नाही, याचा मला सर्वांत बोलका पुरावा शरीराचा वाटतो. विंग चुनच्या हातांच्या तिन्ही मालिकांत (ठरावीक हालचालींच्या क्रमांत) पवित्रा उंच आणि अरुंद असतो. ‘साडेसहा मुद्दे’ नावाच्या मालिकेची लांब काठी हातात घेतली की तोच माणूस रुंद पाय टाकून खाली बसतो, कारण इतक्या लांब काठीचे टोक सावरायला पाया पसरावाच लागतो. एकाच मुळातून दोन इतके वेगळे पाय सहसा फुटत नाहीत. परंपराही हेच सांगते: त्या लाल होड्यांवरच्या लिआंग यी-ताईने आपली काठी नाटक मंडळीतल्याच वाँग वा-बोला शिकवली आणि बदल्यात त्याच्याकडून हातांची विद्या घेतली.