पडद्यावरच्या ट्रकला टेप कशी लावायची?

गेल्या महिन्यात आमच्या एका व्हॉट्सॲप गटावर जुन्या ट्रकचा फोटो आला. लांब नाकाचा, तेल आणि धुळीनं काळा पडलेला, पुढच्या काचेचे दोन तुकडे, दोन गोल दिवे, मागे टँकर. खाली प्रश्न होता, 'ही कुठली गाडी?' पाच मिनिटांत एकानं तो फोटो मोबाइलमधल्या ॲपला दाखवला आणि उत्तर चिकटवलं: 'पीटरबिल्ट, मॉडेल 1971.' सगळ्यांनी 'वा' म्हटलं आणि विषय संपला.

मला मात्र ते 1971 खटकलं. कंपनीचं नाव बरोबर होतं, साल चुकीचं होतं. 1971 हे ज्या चित्रपटातून तो फोटो काढला त्याचं साल. चित्रपट 'ड्युएल', दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा वय 24. अमेरिकेत 13 नोव्हेंबर 1971 रोजी तो एबीसी वाहिनीवर दाखवला गेला. कॅलिफोर्नियातल्या ओसाड डोंगररस्त्यावर लाल प्लिमथ व्हॅलियंट चालवणारा एक साधा माणूस आणि त्याच्या जिवावर उठलेला हा ट्रक, एवढीच गोष्ट. ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. आणि ट्रक आहे 1955 चा, पीटरबिल्ट 281. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी तो 16 वर्षं रस्त्यावर घासून निघालेला होता.

ॲपवर माझा राग नाही. पण फोटोवरून गाडी ओळखणं म्हणजे नाव सांगणं, असा जो समज या ॲपांमुळे पसरतोय तो मला बोचतो. नाव ही ओळखीची पहिली पायरी झाली. पुढे मोजमाप लागतं, आणि ते शाळेतल्या भूमितीच्या जोरावर कुणालाही करता येतं.

आधी थोडं गाडीविषयी. टी. ए. पीटरमन हा वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा लाकूड व्यापारी. ओंडके वाहायला मनासारखे ट्रक मिळेनात म्हणून 1939 मध्ये त्यानं ओकलंडची फॅजिऑल ही ट्रक कंपनी घेतली, आणि त्यातून पीटरबिल्ट उभी राहिली. 281 आणि तिची जोडीदार 351 ही मॉडेलं 1954 ते 1976 अशी बावीस वर्षं निघत राहिली, आणि तोंडावळा जवळपास तोच राहिला. अरुंद बॉनेट, मधून दुभागलेली सपाट काच, पंखांसारखं दोन्ही बाजूंनी उघडणारं झाकण. त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून साल सांगता येत नाही. 281 आणि 351 मधला खरा फरक पोटाखाली आहे. 281 मध्ये इंजिनची ताकद मागच्या एकाच एक्सलला, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, जाते, 351 मध्ये दोन एक्सलना.

चेहरा म्हटलं, तो शब्द इथं अगदी बरोबर बसतो. त्या काळी अमेरिकेत बिननाकाचे, सपाट तोंडाचे ट्रकही भरपूर होते. स्पीलबर्गनं लांब नाकाचा हा निवडला तो त्याला चेहरा आहे म्हणून. दोन गोल दिव्यांचे डोळे, काचेची दुभंगलेली कपाळपट्टी, रेडिएटरचं तोंड. दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली की आपला मेंदू तिथं चेहरा उभा करतो. माणसाच्या बाळाला आईचा चेहरा झटकन कळायला हवा, त्यासाठी मेंदूत ही घाई मुरलेली आहे. हीच घाई झाडाच्या बुंध्यावर गणपती दाखवते आणि भिंतीच्या ओलीत साईबाबा. मग तिथं नारळ फुटू लागतात, दानपेटी येते. दिसलेला आकार खोटा नसतो, पण तो बुंध्यात नसतो, आपल्या डोक्यात असतो. मुलांना हे सांगताना मी 'ड्युएल'चा ट्रकच दाखवतो. तो रागावलेला दिसतो, हे कुणीच नाकारत नाही, आणि लोखंडाला राग येत नाही हेही सगळ्यांना पटतं.

या ट्रकच्या पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा ओळीनं लावलेल्या आहेत. स्पीलबर्गनं त्यातून सुचवलंय की हा ट्रकवाला राज्याराज्यांत माणसं मारत आलाय. कथेसाठी ते छान आहे, पण त्या काळी बऱ्याच राज्यांतून माल नेणाऱ्या ट्रकवर अशा प्लेटा असणं ही रोजची बाब होती. 1973 पासून एका नोंदणीवर अनेक राज्यांत फिरायची सोय होत गेली आणि बंपर मोकळे झाले. आपल्याकडे ट्रकवर रंगवलेलं 'एन.पी.' म्हणजे नॅशनल परमिट असतं, त्याच जातीची ही खूण. जुन्या फोटोचा काळ ठरवायला अशा गोष्टी रंगापेक्षा कितीतरी भरवशाच्या.

आता अडचण बघा. टीव्हीसाठी चित्रीकरण झालं तेव्हा ट्रक एकच होता. शेवटी तो कड्यावरून खाली जातो, ते दृश्य म्हणूनच एका फटक्यात घ्यावं लागलं. पुढे चित्रपटगृहांसाठी लांबी वाढवायची ठरली आणि शाळेच्या बसचा प्रसंग, रेल्वे फाटकाचा प्रसंग असे तुकडे नव्यानं घेतले गेले. पहिला ट्रक तर मोडला होता. मग दुसरे आणून, तसेच मळवून उभे केले. त्यात एक 351 सुद्धा होता. मळ आणि रंग सारखे केले तर दोन फोटोंतला ट्रक एकच की वेगळा, हे कसं ठरवायचं?

मळ फासता येतो, चाकांमधली अंतरं बदलता येत नाहीत. या ट्रकांची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे लांब-आखूड बनायची, म्हणून पुढचं चाक आणि मागची दोन चाकं यांच्यातल्या अंतरांचं गुणोत्तर हा गाडीचा अंगठ्याचा ठसाच समजा. पण फोटोवर पट्टी ठेवून ते मोजता येत नाही. ट्रक तिरपा उभा असतो, जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं आखडतं.

इथं जे गणित मदतीला येतं ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाटल्यास कागद घ्या.

ट्रकच्या कडेनं एक सरळ रेघ कल्पा. तिच्यावर A हे पुढचं चाक, B आणि C ही मागची दोन. प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती खोल आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या रोखानं किती लांब, त्याला त्या बिंदूची खोली म्हणू. समरूप त्रिकोण वापरून सिद्ध होतं की फोटोतलं दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे खरं अंतर भागिले दोन्ही टोकांच्या खोलींचा गुणाकार, आणि वर एक ठरावीक आकडा, जो त्या फोटोपुरता सगळ्या जोड्यांना सारखाच. AC ला A ची आणि C ची खोली भागते, BC ला B ची आणि C ची. AC ला BC नं भागलं की C ची खोली उडून जाते आणि ठरावीक आकडाही उडतो. उरते B ची खोली भागिले A ची खोली, आणि तेवढ्यानं उत्तर बिघडतं.

आता त्याच रेघेवर चौथा बिंदू D घ्या आणि AD ला BD नं भागा. D ची खोली उडते आणि पुन्हा तेच उरतं, B ची खोली भागिले A ची खोली. म्हणजे दोन्ही गुणोत्तरांत बिघाड अगदी सारखा आहे. एकाला दुसऱ्यानं भागा, बिघाड साफ नाहीसा. जे उरतं ते फोटोत आणि प्रत्यक्षात एकच. कॅमेरा कुठे होता, लेन्स किती लांबीची, कशाचीही माहिती लागत नाही. या आकड्याला क्रॉस रेशो म्हणतात. अलेक्झांड्रियाच्या पॅपसला तो चौथ्या शतकात ठाऊक होता, कॅमेरा यायच्या दीड हजार वर्षं आधी.

चौथा बिंदू आणायचा कुठून? तो फुकट मिळतो. रेल्वेचे रूळ क्षितिजावर जिथं मिळाल्यासारखे वाटतात तो बिंदू आठवा, चित्रकार ज्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. ट्रकच्या चॅसीची कड, टँकरची खालची कड आणि चाकं टेकल्याची रेघ प्रत्यक्षात समांतर असतात, फोटोत पुढे वाढवल्या की एका बिंदूत भेटतात. तोच आपला D. प्रत्यक्षात तो अनंतावर आहे, म्हणून तिथं AD आणि BD सारखेच धरायचे, त्यांचा भागाकार 1. म्हणजे खरं AC भागिले BC बरोबर फोटोतलं AC भागिले BC, गुणिले फोटोतलं BD भागिले AD.

मी हे करून पाहिलं. घराजवळच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात एक दहाचाकी उभी होती. चालक चहा पीत होते. 'दादा, गाडीचा एक फोटो काढू का? चाकं मोजायचीत,' म्हटलं. 'काढा की साहेब, पण चाकं दहाच आहेत,' ते म्हणाले, आणि क्लीनरला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर टेपनं भरलं 1.37 मीटर. पुढच्या चाकापासून अगदी मागच्या चाकापर्यंतचं अंतर मात्र मी त्यांना कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगितलं, मला न दाखवता.

घरी फोटो ए-4 कागदावर छापला आणि टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर चिकटवला, कारण D कागदाच्या बाहेर जाणार होता. रेघा पेन्सिलीनं न मारता शिवणाचे दोन दोरे टाचण्यांनी ताणले. ते पहिल्या पानावरच्या एका जाहिरातीत भेटले. मोजलं: AC 143 मिलिमीटर, BC 25, AD 400, BD 282. पट्टीवर आंधळा विश्वास ठेवला असता तर 143 भागिले 25, म्हणजे 5.72, आणि त्याला 1.37 नं गुणून 7.84 मीटर. दुरुस्ती लावली की 5.72 गुणिले 0.705, म्हणजे 4.03, आणि अंतर 5.52 मीटर. दुसऱ्या दिवशी गाडी अजून आवारातच होती. चालकांनी खिशातून कागद काढला: 5.57. पाच सेंटिमीटरचा फरक. BC मोजताना अर्धा मिलिमीटर चुकलो तरी उत्तर दहाएक सेंटिमीटरनं हलतं, त्यामुळे याहून चांगलं मला अपेक्षित नव्हतंच.

करून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चाकांच्या मधोमध असलेले हब बिंदू म्हणून घेऊ नका. पुढचा हब बाहेर आलेला असतो, मागच्या जोडचाकांचा आत गेलेला, ते एका रेघेत नसतात. टायरची बाहेरची कड जमिनीला टेकते तो बिंदू घ्या. आणि मोबाइलची वाइड लेन्स कडेच्या सरळ रेघा वाकवते, म्हणून ट्रक फोटोच्या मध्यावर हवा. चित्रपटाच्या फ्रेममध्ये टेप लावायला कुणी नसतं, तिथं टायर उपयोगी पडतो. त्या काळच्या अमेरिकी जड ट्रकांवर सर्रास असलेला 10.00-20 या मापाचा टायर आपल्याकडच्या ट्रकांनीही वर्षानुवर्षं वापरला, त्याचा व्यास साधारण 1.05 मीटर. तो माप म्हणून धरला की बाकीचं सगळं मीटरमध्ये उतरतं.

अंतर हाती आलं की वेगही निघतो. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम. पुढचं चाक एका खांबापाशी आल्यापासून मागचं चाक तिथं यायला 6 फ्रेम लागल्या, तर पाव सेकंद. अंतर साडेपाच मीटर असेल तर वेग सेकंदाला 22 मीटर, म्हणजे ताशी 79 किलोमीटर. अट एकच, कॅमेराही 24 नंच चाललेला हवा. पाठलागाच्या दृश्यांत कॅमेरा हळू चालवून वेग फुगवण्याची युक्ती फार जुनी आहे. आवाजावरून इंजिन ओळखण्याच्या फंदात तर पडूच नका, चित्रपटातला आवाज बहुतेक वेळा नंतर चढवलेला असतो.

राहता राहिला 281 की 351 हा प्रश्न. तो मला त्या आवारातच सुटलेला मिळाला. टेप गुंडाळताना मी विचारलं, मागची दोन्ही एक्सल ओढतात का? चालकांनी बोट दाखवलं. मागच्या दोन जोड्यांपैकी पुढच्या जोडीच्या हबवर मोठी जाड तबकडी, कडेनं नटांचं कडं. इंजिनची ताकद आतल्या शाफ्टमधून येऊन या तबकडीवाटे चाकाला मिळते. मागच्या जोडीवर नुसतं छोटं टोपण, आत ग्रीस आणि बेअरिंग. 'ही डमी आहे साहेब. वजन उचलते, ओढत नाही.'

घरी येऊन 'ड्युएल' लावला आणि ट्रक बाजूनं जातो तिथं थांबवला. मूळच्या 1955 च्या गाडीला मागे दोन एक्सल आहेत, म्हणून पुष्कळ जण तिला बघताक्षणी 351 म्हणून मोकळे होतात. पण त्यातलं पुढचं ओढणारं आहे, मागचं नुसतं भार घेणारं, आपल्या दहाचाकीसारखंच. फ्रेम मोठी केली, धूळ आणि सावली यातून हब शोधले, आणि एक एक फ्रेम पुढे सरकवत पुढच्या हबवरचं नटांचं कडं फिरताना बघत बसलो.