स्विचचा भाडेकरार

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सिस्को कंपनीचा २४ पोर्टचा (केबल खोचायच्या खाचांचा) एक स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, सहा वर्षं बिनपत्त्याचा नांदला. बावीस कॉम्प्युटर त्याच्यावरून दिवसभर इंटरनेट वापरायचे, प्रिंटर चालायचा, कुणाची तक्रार नव्हती. त्याला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, नाही हे कळलं ते एका पोर्टचा दिवा विझला तेव्हा. बघायचं तर लॅपटॉप आणि स्विचशी थेट बोलायची निळी कन्सोल केबल घेऊन रॅकपाशी स्टूल टाकून बसायचं, स्क्रीनवर ९६०० चा स्पीड लावायचा आणि धुळीत शिंकत कमांड मारायच्या.

बिनपत्त्याचा स्विच चालतो कसा? कारण त्याच्या रोजच्या कामात आयपीचा संबंधच येत नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डावर ४८ बिटांचा एक मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या कार्डाचा ओळखक्रमांक, असतो. कोणता मॅक कोणत्या पोर्टच्या पलीकडे आहे याची वही स्विच ठेवतो आणि आलेलं पुडकं त्या पोर्टवर ढकलतो. आतला आयपी तो उघडून बघत नाही. आयपी लागतो तो आपल्याला, जागेवर बसून त्याच्याशी बोलायचं असेल तेव्हा.

हा पत्ता कुठल्या पोर्टला चिकटवायचा नसतो. व्हीलॅन म्हणजे स्विचच्या आत आखलेलं आभासी नेटवर्क. स्विचच्या पोटात ‘व्हीलॅन १’ नावाचा एक आभासी इंटरफेस (जोडणीचं टोक) असतो, पत्ता त्याला द्यायचा. कमांड तीनच: ‘इंटरफेस व्हीलॅन १’, ‘आयपी ॲड्रेस डीएचसीपी’ आणि इंटरफेस बंद असेल तर ‘नो शटडाउन’. डीएचसीपी म्हणजे सर्व्हरकडून आपोआप पत्ता मिळवण्याची रीत. शिवाय त्या व्हीलॅनमधला एक तरी पोर्ट जिवंत हवा, नाहीतर हा इंटरफेस उठतच नाही. टेबलावर एकट्या स्विचला वीज देऊन ‘पत्ता का येत नाही’ म्हणून डोकं धरून बसलेले मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होतो.

तर आपल्याला नावगाव नसताना पत्ता मागायचा कसा? चाळीच्या चौकात उभं राहून हाळी द्यावी तसा. स्विच स्वतःचा पत्ता ०.०.०.० लिहितो, समोरचा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘ऐकेल त्याला’. डीएचसीपी सर्व्हर ६७ नंबरच्या पोर्टवर (ही केबलची खाच नव्हे, सॉफ्टवेअरमधला क्रमांक) कान देऊन असतो. तो म्हणतो, अमुक खोली रिकामी आहे. स्विच पुन्हा मोठ्यानेच सांगतो की हीच घेतो. मोठ्याने का? तर दुसऱ्या कुठल्या सर्व्हरनेही खोली दाखवली असेल, तर त्याने ती मोकळी समजावी. मग सर्व्हरचा शेवटचा होकार येतो आणि कन्सोलवर एक ओळ उमटते: व्हीलॅन १ ला हा पत्ता मिळाला. त्याच होकारात मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) हेही येतात.

ही रीत एका दिवसात ठरली नाही. १९८५ मध्ये बूटपी ही आधीची पद्धत आली. त्यात कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, ही यादी माणसाने आधी लिहून ठेवायची. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेलं डीएचसीपी १९९३ मध्ये आलं, आणि आज चालतं ते रूप १९९७ चं. नवी गोष्ट होती ती मुदतीची. पत्ता विकत नाही, भाड्याने मिळतो. आपला अकरा महिन्यांचा करार, तसा हा विंडोज सर्व्हरवर मुळात आठ दिवसांचा. अर्धी मुदत सरली की, म्हणजे चौथ्या दिवशी, यंत्र मालकाकडे नूतनीकरण मागतं. मालक गप्पच राहिला तर साडेसत्याऐंशी टक्क्यांवर, बरोबर सातव्या दिवशी, पुन्हा चौकात हाळी. तरीही कुणी दाद दिली नाही, तर आठ दिवस भरल्यावर खोली सोडायची.

स्विच सतत चालू असला तर करार वाढत राहतो आणि पत्ता तोच टिकतो. पण मे महिन्याच्या सुट्टीत लॅबची वीज बंद करा. जूनमध्ये त्याच पत्त्यावर कुणाचा तरी मोबाइल बसलेला सापडू शकतो. म्हणून सर्व्हरवर रिझर्व्हेशन करतात: या मॅकवाल्याला कायम हीच खोली.

मी ते केलं. स्विचच्या पाठीवरच्या स्टिकरवरून मॅक टिपला, सर्व्हरवर भरला. पत्ता दुसराच आला. स्टिकरवरचा मॅक आणि व्हीलॅन १ चा मॅक वेगळे असू शकतात, म्हणून खरा मॅक ‘शो इंटरफेस व्हीलॅन १’ मारून काढला. तरी दुसराच. सारी दुपार गेली. शेवटी सर्व्हरवरच्या करारांच्या यादीत या स्विचची ओळख बघितली, तर तिथे मॅकच्या जागी आकड्यांची भलीमोठी माळ. उलगडल्यावर निघालं ‘सिस्को’, मग डॅश, मग मॅक, मग पुन्हा डॅश आणि व्हीलॅनचं लघुरूप, सगळं अक्षरांत लिहिलेलं. स्विच स्वतःची ओळख अशी सांगत होता. यंत्राने अशी स्वतःची ओळख, म्हणजे क्लायंट आयडी, दिला की सर्व्हरने तोच मानायचा, असा नियमच आहे. म्हणजे दोघंही बरोबर आणि मी मात्र घामाघूम. इलाज एका ओळीचा: ‘आयपी ॲड्रेस डीएचसीपी क्लायंट-आयडी व्हीलॅन १’. मग ओळख निव्वळ मॅकची होते आणि रिझर्व्हेशन जुळतं.

एक फरक लक्षात ठेवण्याजोगा. सर्व्हर सापडला नाही तर विंडोजचा कॉम्प्युटर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. आमचा स्विच तसलं काही करत नाही. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मारलं की पत्त्याच्या रकान्यात ‘अनअसाइन्ड’ दिसतं, आणि तो शांतपणे पुन्हा हाळी देत राहतो.

आता मजल्या-मजल्यावरचे सगळे स्विच मी असेच रिझर्व्हेशनवर टाकलेत. उद्या गेटवे बदलला तर प्रत्येक रॅकपुढे स्टूल टाकायला नको. तळमजल्यावरच्या मुख्य स्विचला मात्र पत्ता हातानेच दिलाय. डीएचसीपी सर्व्हरची केबल त्याच्याच पोर्टमध्ये आहे. वीज जाऊन आली की स्विच आधी उठतो, सर्व्हर चांगली पाच मिनिटं घेतो, आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत मला स्विचशी बोलायचं असतं.